‘अग्निचषका’तील प्रीति आणि स्पर्धा

घरांतील मधल्या मुलाकडे जसें वडील मंडळींचें थोडें दुर्लक्ष होतें, तसें दीर्घ कथामालेंतील मधल्या पुस्तकाकडे वाचकांचें होतें. पहिल्या पुस्तकाला नव्या ओळखीचा आनंद लाभलेला असतो. शेवटच्या पुस्तकाला सर्व कोडीं सोडविण्याचा मान असतो. मधल्या पुस्तकाच्या वांट्याला यांपैकीं कांहींच येत नाहीं. पात्रें परिचयाचीं झालेलीं असतात, मुख्य शत्रूचा निकाल मात्र एवढ्यांत लावावयाचा नसतो, आणि तरीहि वाचकाला पानोपानीं खिळवून ठेवावयाचें असतें. अशा अडचणींत सांपडलेला लेखक बहुधा दोन हुकमी साधनांकडे वळतो. एक प्रीति आणि दुसरें स्पर्धा. नायकाच्या तोडीचा एखादा प्रतिस्पर्धी आणावा, दोघां-तिघां तरुण जिवांचीं मनें एकमेकांत गुंतवावीं, आणि कोण जिंकणार व कोण कोणाची होणार या दोन प्रश्नांच्या बळावर पुस्तक तडीस न्यावें, ही युक्ति कुमारांसाठीं लिहिल्या जाणाऱ्या अद्‌भुत कथामालांत आतां चांगलीच रूढ झाली आहे.

या साधनांचा उपयोग नुसती जागा भरण्याकडे होऊं शकतो, तसाच सबंध मालिकेचें वळण बदलण्याकडेहि होऊं शकतो. या दुसऱ्या प्रकारचें ठळक उदाहरण म्हणजे जे. के. रोलिंग या ब्रिटिश लेखिकेच्या हॅरी पॉटर-मालिकेंतील चौथें पुस्तक, ‘हॅरी पॉटर अँड द गॉब्लेट ऑफ फायर’, म्हणजेच अग्निचषकाची कथा. ही मालिका १९९७ ते २००७ या दहा वर्षांत सात पुस्तकांत पुरी झाली व तिचा मराठी अनुवादहि झाला. चौथें पुस्तक ८ जुलै २००० रोजीं प्रसिद्ध झालें. त्याच्या आधीं तीन पुस्तकें आणि नंतर तीन. तेव्हां हें अगदीं काटेकोर अर्थानें मधलें पुस्तक होय. मूळ ब्रिटिश आवृत्तीचीं पानें ६३६, म्हणजे तिसऱ्या पुस्तकाच्या दुप्पट. अद्‌भुत व विज्ञानकथांना दिलें जाणारें ह्यूगो पारितोषिक २००१ सालीं या कादंबरीला मिळालें. आधीच्या तीन पुस्तकांत बालपणाची ऊब आहे. पुढच्या तीन पुस्तकांत युद्धाची छाया आहे. या दोहोंमधील उंबरठा ओलांडण्याचें काम लेखिकेनें प्रीति आणि स्पर्धा यांच्याकडे सोंपविलें आहे. तें त्यांनीं कसें केलें, आणि त्याची किंमत कोणाला द्यावी लागली, हें पाहण्यासारखें आहे.

कथेची मांडणी अशी आहे. हॉगवर्ट्स नांवाच्या जादूच्या विद्यालयांत चवदा वर्षांचा हॅरी चौथ्या वर्षाचें शिक्षण घेत असतो. रॉन वीझली आणि हर्मायनी ग्रेंजर हे त्याचे जिवलग सोबती. या वर्षी विद्यालयांत एका जुन्या स्पर्धेचें पुनरुज्जीवन व्हावयाचें असतें. हॉगवर्ट्स, बोबॅटन्स आणि डर्मस्ट्रँग या तीन विद्यालयांमधली ही स्पर्धा सुमारें सातशें वर्षांपूर्वीं, परस्परांत स्नेह वाढावा या हेतूनें सुरू झालेली. परंतु तींत इतके विद्यार्थी प्राणांस मुकले कीं ती बंद करणें भाग पडलें. आतां सतरा वर्षांखालील कोणीहि भाग घेऊं नये असा नियम करून ती पुन्हां सुरू होते. प्रत्येक विद्यालयाचा एकच स्पर्धक, आणि त्याची निवड करणारा पंच म्हणजे निळ्या ज्वाळांनीं धगधगणारा एक लांकडी चषक. ऑक्टोबरच्या ३१ तारखेच्या रात्रीं त्या ज्वाळांतून तीन नांवें बाहेर पडतात: बल्गेरियाचा विख्यात क्रीडापटु व्हिक्टर क्रम, बोबॅटन्सची फ्लर देलाकूर, आणि हॉगवर्ट्सचा सेड्रिक डिगरी. नंतर चौथें नांव बाहेर पडतें. तें हॅरीचें असतें, आणि तें त्यानें स्वतः घातलेलें नसतें. चषकाचा निर्णय बंधनकारक असल्यामुळें त्याला माघार घेतां येत नाहीं.

एकाच्या विजयाकडे दुसरा ज्या दृष्टीनें पाहतो तिला आपल्या भाषेंत निरनिराळे शब्द आहेत. बरोबरीच्या माणसाच्या पुढें जाण्याची इच्छा ती स्पर्धा. दुसऱ्याचा उत्कर्ष सहन न होणें तो मत्सर. आणि दुसऱ्याच्या गुणांतहि दोष दिसूं लागणें ती असूया. ‘अग्निचषका’ची कथा नीट समजावयाची तर हे भेद हाताशीं ठेवावे. कारण या कथेंत उघड स्पर्धा आहे ती हॅरी आणि सेड्रिक यांच्यामध्यें. परंतु पहिला मत्सर उत्पन्न होतो तो प्रतिस्पर्ध्याच्या मनांत नव्हे, तर मित्राच्या मनांत.

रॉन हा सात भावंडांतील सहावा. थोरले भाऊ कोणी खेळांत, कोणी अभ्यासांत, कोणी थट्टामस्करींत नांव मिळवून गेलेले. घरची स्थिति बेताची असल्यामुळें त्याच्या अंगावर येतें तें बहुतेक दुसऱ्यानें वापरून सोडलेलें. त्यांतून त्याचा मित्र जगप्रसिद्ध. हॅरीचें नांव चषकांतून बाहेर पडतांच सगळ्यांचे डोळे पुन्हां त्याच्याकडे वळतात, आणि हॅरीनें हें गुपित आपल्यापासूनहि लपविलें अशी रॉनची समजूत होते. दोघे बोलेनासे होतात. हा मत्सर आहे हें रॉनला कळत नाहीं आणि हॅरीलाहि कळत नाहीं; तें ओळखते हर्मायनी. तिच्या सांगण्याचा आशय असा कीं, रॉन सदैव बाजूला ढकलला जातो, तें तो मुकाट्यानें सोसतो, आणि या वेळीं मात्र तें त्याच्या सोसण्यापलीकडे गेलें. पुढें पहिल्या कसोटींत हॅरी एका ड्रॅगनसमोर उभा राहतो, तेव्हां ही प्रसिद्धि किती जीवघेणी आहे हें रॉन डोळ्यांनीं पाहतो व पांढऱ्या चेहऱ्यानें मित्राकडे येतो. क्षमेचा शब्द त्याच्या ओठांवर येण्याच्या आधींच हॅरी त्याला थांबवितो. कुमारवयांतील मैत्री कशी तुटते आणि कशी जुळते याचें इतकें खरें चित्र मोठमोठ्या ग्रंथांतहि क्वचितच सांपडेल.

इकडे सबंध विद्यालय सेड्रिकच्या बाजूचें झालेलें असतें. सेड्रिकचें सदन म्हणजे हफलपफ; त्याच्या वांट्याला कीर्ति क्वचितच आलेली. ती कोठें येऊं लागली तोंच हॅरी मध्यें उपटला, असें त्या मुलांना वाटावें यांत नवल नाहीं. हॅरीचा जुना वैरी ड्रॅको मॅलफॉय या रागाचा फायदा घेतो. सेड्रिकचा जयजयकार करणारे आणि दाबतांच हॅरीची निंदा करणारे बिल्ले तो वांटतो, आणि ते बिल्ले छातीवर लावून मुलें हिंडूं लागतात. अशा दिवसांत हॅरीला चोरून कळतें कीं पहिली कसोटी ड्रॅगनची आहे. इतर दोन विद्यालयांच्या प्रमुखांनाहि तें कळलेलें असल्यामुळें क्रम आणि फ्लर यांना सूचना मिळणार हें उघड असतें. अनभिज्ञ राहणार तो एकटा सेड्रिक. गप्प बसणें किती सोपें होतें! परंतु हॅरी मंत्र म्हणून सेड्रिकची पिशवी फाडतो, पुस्तकें गोळा करण्यासाठीं तो मागें राहिला म्हणजे त्याला एकटा गांठतो, आणि ड्रॅगनची वार्ता सांगून टाकतो. सेड्रिकला प्रथम विश्वास वाटत नाहीं. हॅरीचें म्हणणें एवढेंच कीं, सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट एकालाच ठाऊक नसावी हा न्याय नव्हे.

येथें स्पर्धा मत्सरापासून वेगळी होते. हॅरीला जिंकावयाचें असतें, सेड्रिक त्याला फारसा आवडतहि नसतो, आणि तरीहि असमान पायावर मिळालेला विजय त्याला नको असतो. पुढें सेड्रिक हें ऋण फेडतो. दुसऱ्या कसोटीचें रहस्य एका सोनेरी अंड्यांत दडलेलें असतें. तें उघडलें कीं कर्णकटु किंकाळ्या ऐकूं येतात. पाण्याखालीं उघडलें तरच गीत ऐकूं येतें. सेड्रिक हॅरीला सुचवितो कीं अंडें घेऊन स्नानाला जा. परंतु तोंवर दोघांमध्यें आणखी कांहीं तरी शिरलेलें असतें, आणि तें म्हणजे प्रीति.

आपल्या पुराणकथांत प्रीति आणि स्पर्धा यांची गांठ स्वयंवरांत पडते. जनकाच्या दरबारीं धनुष्य उचललें जातें, द्रुपदाच्या मंडपांत मत्स्यवेध होतो, आणि जो पण जिंकेल त्याच्या गळ्यांत वरमाला पडते. पराक्रम आणि प्रेम यांचा हिशेब तेथें एकाच क्षणीं चुकता होतो. रोलिंगबाईंनीं ही गांठ जाणूनबुजून सोडविली आहे. नाताळच्या रात्रीं तिन्ही विद्यालयांसाठीं नृत्यसमारंभ ठरतो, आणि प्रथेप्रमाणें स्पर्धकांनींच जोडीदारासह नृत्याचा आरंभ करावयाचा असतो. ड्रॅगनला तोंड देऊन आलेला हॅरी एका मुलीशीं चार शब्द बोलतांना घामाघूम होतो. चो चँग या वरच्या वर्षांतील मुलीला विचारण्याचा धीर त्याला फार उशीरां होतो. तिनें सेड्रिकला आधींच होकार दिलेला असतो. ती तें अगदीं सौजन्यानें सांगते, आणि त्या सौजन्यामुळेंच हॅरीचें दुःख अधिक होतें. ज्याच्याविषयीं नुकताच आदर वाटूं लागला होता, तोच सेड्रिक आतां हॅरीला केवळ देखणा आणि पोकळ वाटूं लागतो. गुणांत दोष दिसूं लागले. म्हणजेच असूया आली.

लेखिकेनें या असूयेला निरुपद्रवी ठेवलेलें नाहीं. सेड्रिकनें दिलेली स्नानाची सूचना हॅरी कित्येक दिवस मानीत नाहीं, ती केवळ सेड्रिककडून आली म्हणून. वेळ दवडला जातो, दुसरी कसोटी जवळ येते, आणि अखेर गरजेपुढें मान वांकवून तो अंडें पाण्यांत नेतो. मनांतील एका लहानशा काट्यामुळें माणूस स्वतःचेंच केवढें नुकसान करून घेतो, हें येथें उपदेशाचा एकहि शब्द न लिहितां दाखविलेलें आहे.

नृत्यसमारंभाची दुसरी बाजू रॉन आणि हर्मायनी यांची. जोडीदार मिळेना म्हणून हातघाईवर आलेल्या रॉनच्या एके दिवशीं ध्यानांत येतें कीं हर्मायनी हीहि मुलगीच आहे. हा शोध तो मोठ्यानें बोलूनहि दाखवितो. तीन वर्षें बरोबर काढल्यावर लागलेला हा शोध तिला मानवत नाहीं. तिला विचारणारा दुसरा कोणी तरी आधींच येऊन गेलेला असतो, आणि समारंभाच्या रात्रीं ती सर्वांच्या देखत व्हिक्टर क्रमच्या हातांत हात घालून येते. कालपर्यंत रॉन ज्याची पूजा करीत होता तोच क्रम आतां त्याला परक्या विद्यालयाचा हेर भासूं लागतो. हर्मायनी शत्रूशीं सलगी करते, ती हॅरीशीं बेइमान झाली, असे आरोप तो करतो. स्वतःच्या मत्सराला त्यानें सदनाच्या अभिमानाचा पोशाख चढविलेला असतो. हर्मायनीचें उत्तर रोखठोक असतें: पुढच्या वेळीं दुसऱ्या कोणाच्या आधीं येऊन विचार, आणि शेवटचा उपाय म्हणून विचारूं नकोस. रॉनला यावर शब्द सुचत नाहीं. पुढें क्रमची एक छोटी बाहुली, जी त्यानें हौसेनें विकत घेतली होती, तिचा तुटलेला हात खोलींत पडलेला आढळतो. त्यावर कोणी कांहीं बोलत नाहीं. लेखिकाहि बोलत नाहीं.

या रात्रीं आणखी दोन मुली असतात. पार्वती आणि पद्मा पाटील या जुळ्या बहिणी, हॅरी आणि रॉन यांच्या आयत्या वेळच्या जोडीदारिणी. पाटील हें आडनांव मराठी वाचकाला एकदम ओळखीचें वाटतें. सुंदर वेष करून आलेल्या या दोघींना आपापल्या जोडीदारांकडून एकहि धड शब्द ऐकावयास मिळत नाहीं, कारण एकाची नजर चोवर आणि दुसऱ्याची हर्मायनीवर खिळलेली असते. शेवटीं कंटाळून त्या दुसऱ्या मुलांबरोबर निघून जातात. आपल्या विरहांत गुंग झालेला तरुण शेजारच्या माणसाला किती सहज दुखवितो, हें या प्रसंगांत चांगलें उतरलें आहे. परंतु एक उणीवहि येथेंच दिसते. पाटील भगिनींच्या मनांत काय होतें, हें कादंबरी फारसें विचारीतच नाहीं. चो ही बहुतेक दुरूनच दिसते. चार स्पर्धकांत एकटी तरुणी असलेल्या फ्लरच्या पदरीं सर्वांत कमी गुण पडतात. मुलग्यांच्या मत्सराचें विवेचन जितकें सूक्ष्म आहे, तितकें मुलींच्या मनाचें नाहीं. हर्मायनी हा त्याला मोठा अपवाद.

प्रीति आणि स्पर्धा हें हुकमी साधन असल्याची जाणीव लेखिकेला पुरेपूर आहे, आणि म्हणूनच तिनें या साधनाचें एक विडंबनहि पुस्तकांत घातलें आहे. रिटा स्कीटर नांवाची एक वार्ताहर बाई स्पर्धेचीं वृत्तें लिहीत असते. तिला खरी हकीकत नको असते, चटकदार हवी असते. तेव्हां ती हर्मायनीला दोन नामांकित तरुणांच्या हृदयांशीं खेळणारी कपटी मुलगी ठरविते. वाचकांना तें खरें वाटतें. हर्मायनीला निनांवी पत्रें येतात. एका लिफाफ्यांतून दाहक रस सांडून तिचे हात भाजतात. रॉनची प्रेमळ आईसुद्धां त्या लेखावर विश्वास ठेवते व सणाची भेट म्हणून हर्मायनीला मुद्दाम अगदीं लहानसें चॉकलेटचें अंडें पाठविते. एक नायिका आणि तिच्यासाठीं झुरणारे दोन नायक हा ठराविक सांचा जिवंत माणसांवर बसविला म्हणजे काय होतें, हें वाचकाला अशा रीतीनें कळतें.

दुसरी कसोटी तळ्याच्या तळाशीं व्हावयाची असते. प्रत्येक स्पर्धकाची सर्वांत प्रिय अशी ठेव जलमानवांनीं नेलेली असते, आणि ती तासाभरांत परत आणावयाची असते. ही ठेव म्हणजे मंत्रानें निद्रिस्त केलेलीं माणसें. सेड्रिकसाठीं चो, क्रमसाठीं हर्मायनी, फ्लरसाठीं तिची लहान बहीण गॅब्रिएल. आणि हॅरीसाठीं रॉन. प्रेयसी, बहीण आणि मित्र यांना एकाच ओळींत बांधलेलें पाहून वाचकाला मालिकेंतील प्रेमाची खरी मोजणी समजते. हॅरीचें मन चोभोंवतीं भिरभिरत असलें, तरी ज्याच्यावांचून त्याचें चालणार नाहीं असा माणूस म्हणजे थोड्या दिवसांपूर्वीं त्याच्याशीं न बोलणारा तो रॉन. हॅरी सर्वांच्या आधीं तेथें पोंचतो. परंतु इतरांना सोडविणारे आले नाहींत तर तीं मरतील या समजुतीनें थांबून राहतो. सेड्रिक येऊन चोला नेतो, क्रम हर्मायनीला नेतो. फ्लर येतच नाहीं, म्हणून हॅरी रॉनबरोबर त्या अनोळखी लहान मुलीलाहि वर आणतो. मुदत टळून गेलेली असते, परंतु या वर्तनाबद्दल पंच त्याला पन्नासांपैकीं ४५ गुण देतात. सेड्रिकचे ४७. दोन कसोट्यांचे मिळून दोघांचेहि ८५ होतात. स्पर्धा अगदीं बरोबरीला येऊन ठेपते.

तिसरी कसोटी २४ जूनच्या रात्रीं, उंच कुंपणांच्या भुलभुलैयांत. मध्यभागीं चषक, जो प्रथम हात लावील तो विजयी. सेड्रिकवर घोर शापाचा प्रयोग होत असतां हॅरी त्याला वांचवितो. पुढें चषकाच्या अगदीं जवळ एक राक्षसी कोळी आडवा येतो, आणि दोघे मिळून त्याला पाडतात. हॅरीचा पाय जखमी होतो. सेड्रिक चषकापासून कांहीं पावलांवर, धडधाकट उभा. हात पुढें केला कीं संपलें. परंतु तो हात पुढें करीत नाहीं. ड्रॅगनची सूचना, तळ्यांतील वर्तन, आतांचें साहाय्य, असा हॅरीच्या उपकारांचा हिशेब करून तो म्हणतो कीं चषक तुझा आहे. शतकानुशतकें कीर्तीला मुकलेल्या आपल्या सदनाचा मान तो स्वेच्छेनें दूर सारतो. हॅरीच्या डोळ्यांसमोर क्षणभर एक चित्र उभें राहतें: हातांत चषक, लोकांचा जयघोष, आणि चोच्या मुखावर कौतुक. प्रीति आणि स्पर्धा यांचे धागे या एका क्षणांत एकत्र येतात. नंतर त्याला सेड्रिकचा ठाम चेहरा दिसतो आणि तें चित्र विरून जातें. दोघांनीं मिळून घेऊं, असें तो सुचवितो. तरीहि तो विजय हॉगवर्ट्सचाच. दोघे एकदम चषकाला हात लावतात.

चषक हा सांपळा असतो. त्या स्पर्शासरशीं दोघेहि दूरच्या एका स्मशानांत जाऊन पडतात. तेथें दुष्ट जादुगार व्होल्डेमॉर्ट हॅरीची वाट पाहत असतो. त्याला हॅरीचें रक्त हवें असतें. सेड्रिक हा त्याच्या लेखीं नुसता अधिक आलेला माणूस. त्याच्या आज्ञेनें एका क्षणांत सेड्रिकला ठार करण्यांत येतें. अर्ध्या वाक्यांत, कांहीं कारण नसतांना, सतरा वर्षांचा एक सरळ मनाचा मुलगा मरून पडतो.

यानंतर उलगडा होतो तो अधिक कटु आहे. हॅरीचें नांव चषकांत घालणारा इसम शिक्षकाच्या वेषांत वर्षभर विद्यालयांतच वावरत असतो. अंडें पाण्यांत उघडण्याची युक्ति सेड्रिकला यानेंच सांगितलेली असते, कारण सेड्रिक ती हॅरीला कळविणार याबद्दल त्याची खात्री असते. सज्जनांना आपल्या इच्छेप्रमाणें वागविणें फार सोपें असतें, अशी फुशारकी तो मारतो. म्हणजे हॅरीनें सेड्रिकला केलेली मदत, सेड्रिकनें तिची केलेली फेड, हें सारें शत्रूच्या हिशेबांत आधींच धरलेलें होतें! आणि हॅरीनें चषक वांटून घेण्याचें औदार्य दाखविलें नसतें, तर सेड्रिक जिवंत राहिला असता. वाचक येथें अडखळतो. औदार्य ही चूक होती काय? बिल्ले लावून हिंडणारीं मुलें, गुपितें फोडणारे विद्यालयप्रमुख, स्वतःपुरतें पाहणारे स्पर्धक, हींच शहाणीं ठरलीं काय?

कादंबरी या प्रश्नाचें गोड उत्तर देत नाहीं. सेड्रिक परत येत नाहीं. हॅरीच्या मनांतील अपराधाची भावना शेवटच्या पानावर संपत नाहीं. पांचव्या पुस्तकांत चो त्याच्या जवळ येते, तेव्हां दोघांमध्यें सेड्रिकची आठवण उभी राहते आणि तें प्रेम रडण्यांत व गैरसमजांत विरून जातें. परंतु त्या फुशारकीखोराच्या हिशेबांतील एक चूक लेखिका दाखवून देते. हॅरी चषकाजवळ एकटा पोंचेल आणि एकटाच तो उचलील, असें त्यानें धरलें होतें. दोन प्रतिस्पर्धी जिंकलेला मान एकमेकांना देऊं करतील आणि अखेर वांटून घेतील, हें त्याच्या कल्पनेबाहेरचें होतें. स्मशानांतील द्वंद्वांत सेड्रिकची छाया हॅरीच्या बाजूनें उभी राहते व आपला देह आईबापांकडे पोंचवावा एवढेंच मागते. शत्रूंनीं घेरलेला हॅरी पळून जातांना तो देह सोडीत नाहीं. वर्षभर एकमेकांच्या पुढें जाण्यासाठीं धडपडणाऱ्या दोन मुलांचा शेवटचा व्यवहार हा असा आहे. मुख्याध्यापक डम्बलडोर वर्षाच्या शेवटीं सर्व विद्यार्थ्यांना सेड्रिकच्या मृत्यूचें खरें कारण सांगतात आणि पुढें कठीण निवडीची वेळ येईल तेव्हां त्याचें स्मरण ठेवण्यास बजावतात. सरकारी खात्याला हें सत्य लपवावयाचें असतें. येथून पुढच्या तीन पुस्तकांतील संघर्ष सुरू होतो.

तेव्हां या मधल्या पुस्तकांत प्रीति आणि स्पर्धा यांनीं काय साधलें तें आतां स्पष्ट होतें. आधीच्या तीन पुस्तकांत चांगलीं माणसें आणि वाईट माणसें वेगवेगळीं उभीं होतीं. दुष्टपणा बाहेर होता. चौथ्या पुस्तकांत मत्सर प्रथम नायकाच्या आणि त्याच्या मित्राच्या मनांत शिरतो. त्याला ओळखणें आणि दूर सारणें हें ड्रॅगनशीं झुंजण्याहून अवघड काम आहे हें मुलांना कळतें. आणि तें काम केल्याबद्दल बक्षीस मिळेलच असें नाहीं, हेंहि कळतें. बालपण संपतें तें याच जाणिवेपाशीं.

स्पर्धेच्या बक्षिसाचीं एक हजार सुवर्णनाणीं शेवटीं उरतात. हॅरी तीं सेड्रिकच्या आईबापांना देऊं करतो. तीं तीं घेत नाहींत. मग घरीं परततांना आगगाडींत तो तीं रॉनच्या जुळ्या भावांच्या हातांत कोंबतो. त्यांना थट्टेच्या वस्तूंचें दुकान काढावयाचें असतें, आणि येत्या काळांत सर्वांनाच हंसण्याची गरज पडणार आहे असें हॅरीला वाटतें. त्याची एकच अट असते: रॉनसाठीं समारंभाचा एक चांगला नवा झगा घ्यावा, आणि तो आपल्याकडूनच दिला म्हणून सांगावें. नाताळच्या रात्रीं रॉनच्या अंगावर जुना, झालरी लावलेला झगा होता व त्यापायीं तो मनांतून झुरत होता. त्याच्या थोडेंसें आधीं निरोपाच्या वेळीं रॉननेंहि आपल्या परीनें एक गोष्ट केलेली असते. व्हिक्टर क्रम निघण्याच्या बेतांत असतां तो एकाएकीं पुढें होतो, आणि ज्याच्यावर वर्षभर दांत धरला त्याच्याकडे लाजत लाजत स्वाक्षरी मागतो. क्रमला आश्चर्य वाटतें. परंतु तो आनंदानें सही करून देतो.